एआय मशीनवर डोळ्याच्या पडद्याची तपासणी: शुगर असलेल्यांनी कराच, पण जायच्या आधी हे वाचा

रेटिंग: ४/५

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरने एआयवर रेटिना म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी सुरू केलीये, आईला तिथे नेलं होतं, त्याबद्दल लिहितोय. सेंटरचं नाव टाकत नाहीये, कारण ज्या त्रुटी खाली सांगणार आहे त्या अशा बऱ्याच सेंटरांत असणार आणि एकट्या त्यांचंच नाव खराब व्हायला नको, तिथली माणसं खरंच मनापासून काम करतात.

आधी ही तपासणी कोणासाठी ते सांगतो. घरात कोणाला शुगर असेल तर त्यांच्यासाठी. शुगरने डोळ्याचा पडदा खराब होतो हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं पण सुरुवातीला काही म्हणजे काही जाणवत नाही हे फार कमी लोकांना माहीत असतं, दुखत नाही, लाल होत नाही, पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो आणि आत बारीक रक्तवाहिन्या फुगत असतात, झिरपत असतात. जेव्हा दिसायला कमी येतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि गेलेली नजर बऱ्याचदा पूर्ण परत येत नाही. म्हणून टाइप २ वाल्यांनी शुगर निघाली की लगेच एकदा पडदा तपासायचा आणि मग दर वर्षी. आईला शुगर निघून दहा-अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत गोळ्या बदलल्या, डोस वाढले, पण पडदा तपासा असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, चष्म्याचा नंबर तेवढा दोन वर्षांनी काढायचा. आणि आमचं घर काही वेगळं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियाब नावाचा २०२३ चा जो मोठा अभ्यास आला त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटींच्या वर लोक उंबरठ्यावर असा आकडा आहे. एवढ्या लोकांचे डोळे दर वर्षी तपासायचे तर रेटिनाचे डॉक्टर कुठून आणणार, आणि जे आहेत ते शहरात. आमच्याकडून सोलापूर गाठायचं म्हणजे एसटीने जाऊन येऊन आणि नंबर लावून आख्खा दिवस, मजुरी करणाऱ्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच. इथे अडीचशे रुपये घेतात आणि अर्ध्या-पाऊण तासात मोकळे.

आता तपासणी कशी होते. अंधारी खोली, टेबलावर छोटा कॅमेरा, मागे मोबाइलसारखा स्क्रीन. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत हिरवा ठिपका दिसतो त्याच्याकडे बघत राहायचं. फोटो काढणारी मुलगी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, वय असेल बावीस-तेवीस, पण काय तो पेशन्स तिचा! “मावशी, डोळा मोठा करा, अजून मोठा, हां, आता अजिबात मिटायचा नाही,” असं करत करत प्रत्येक डोळ्याचे दोन-दोन फोटो घेते, एक मधल्या भागाचा आणि एक नस जिथून आत येते त्या भागाचा. फ्लॅश पडला की आई दर वेळी दचकायची आणि डोळा मिटायची, तरी ती मुलगी एकदाही वैतागली नाही. आधी थेंब न टाकताच घेतले. उजव्या डोळ्याचे चांगले आले, डाव्याचा फोटो मशीनने घेतलाच नाही, क्वालिटी कमी असं दाखवलं. मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, अर्धा तास बसवलं, परत काढला, तरी नाहीच.

हे मशीन बिघडल्याचं लक्षण नाही बरं का, हे नीट समजून घ्या. वय झालं की बाहुली लहान होते, मोतीबिंदू असेल तर आतला फोटो धूसर येतो, आणि अशा फोटोवर मशीनने काहीतरी उत्तर ठोकून देण्यापेक्षा ‘मला दिसत नाही’ म्हटलेलं हजार पटीने बरं. थायलंडमध्ये गूगलने पडद्याचे फोटो तपासणारी आपली एआय सिस्टीम सरकारी दवाखान्यांत नेली होती, त्याचा २०२० मध्ये त्यांनीच पेपर छापला, तिथे पाचातला एक फोटो मशीनने नाकारला होता. कारणं काय, तर खोलीत पुरेसा अंधार नाही, नर्सना गर्दीत घाईघाईने फोटो काढावे लागतात. वर इंटरनेट स्लो, त्यामुळे फोटो पाठवायलाच वेळ लागायचा. लॅबमध्ये छान चालणारी गोष्ट दवाखान्यात आणली की काय काय आडवं येतं ते त्यात फार प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणून तुम्ही जाल तिथे खोली खरंच अंधारी आहे का आणि फोटो नीट आला नाही तर थेंब टाकून परत घेतात का एवढं बघाच. इथे दोन्ही करतात, त्यासाठी पूर्ण मार्क.

आता सगळ्यांचा प्रश्न, मशीनवर विश्वास ठेवायचा का. मी जायच्या आधी बरंच वाचलं होतं. गूगलचा पहिला मोठा पेपर २०१६ चा, सव्वा लाखाच्या वर पडद्याचे फोटो दाखवून कॉम्प्युटरला शिकवलं होतं, आणि हे फोटो नुसते अमेरिकेतले नव्हते, आपल्याकडच्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या डोळ्यांच्या हॉस्पिटलांचेही त्यात होते. म्हणजे ‘परदेशी मशीनला आपले डोळे काय कळणार’ ही शंका निदान इथे तरी लागू होत नाही. नंतर मदुराईच्या अरविंदमध्ये ते प्रत्यक्ष वापरायलाही घेतलं. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो मुंबईचा अभ्यास, डोळ्यांचे डॉक्टर एस. नटराजन यांच्या टीमचा, २०१९ मध्ये छापून आलेला. महापालिकेच्या दवाखान्यांत साध्या आरोग्यसेविकेने मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि एआय त्याच फोनमध्ये, इंटरनेटशिवाय. दोनशेच्या वर पेशंट होते, म्हणजे अभ्यास लहानच, पण ज्यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं त्यातला एकही सुटला नाही. ज्यांना तसं काही नव्हतं त्यांच्यातल्या शंभरातल्या ११-१२ जणांना मात्र उगाच ‘डॉक्टरकडे जा’ सांगितलं गेलं. मला हा सौदा मान्य आहे. चाळणी बारीक असावी, चार खडे जास्त अडकले तरी चालतील. फक्त पेशंटला हे आधी सांगायला पाहिजे, की ‘रेफर’ आलं म्हणजे आंधळे होणार असं नाही आणि रोग पक्का असंही नाही, मोठ्या डॉक्टरांनी एकदा आत बघायला हवं एवढंच. आमच्या पुढे एक आजी होत्या, रेफर ऐकून त्यांचे हातच थरथरायला लागले, आणि त्यांना बसवून समजावणारं तिथे त्या क्षणी कोणी नव्हतं.

इथेच माझा एक स्टार कमी झालाय.

रिपोर्ट दहा मिनिटांत येतो, दोन्ही डोळ्यांचे फोटो, मशीनला जिथे संशय आला तिथे लाल-पिवळे डाग, आणि खाली निकाल. सगळा इंग्रजीत! आईला काय कळणार त्यातलं. त्या आजींना तर वाचताच येत नव्हतं, त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि मला विचारलं, “बाळा, चष्मा बदलायचा का रे?” मी समजावून सांगितलं, सोलापूरचा पत्ता लिहून दिला, पण मी तिथे होतो हा योगायोग झाला. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांना एकच सांगतो, “डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.” अरे पण कोणत्या? आमच्या गावातले डॉक्टर मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम करतात पण पडद्याचं लेझर किंवा डोळ्यात द्यायचं इंजेक्शन त्यांच्याकडे नाही, त्याला रेटिना स्पेशालिस्ट लागतो. हे ज्याला माहीत नाही तो इथे जाणार, तिथून पुढे पाठवणार, दुसऱ्या खेपेला पैसे नाहीत म्हणून घरीच राहणार. मशीनने दहा मिनिटांत जे पकडलं ते कागदावरच राहिलं तर त्या मशीनचा त्या आजींना काय उपयोग झाला? मला ही गोष्ट फार लागली. एक रजिस्टर ठेवा, रेफर आलेल्याला आठ दिवसांनी एक फोन करा, गेलात का विचारा, जवळच्या सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलची यादी मराठीत छापून द्या, एवढ्याला काही लाखो रुपये लागत नाहीत.

आणि रिपोर्टवर कुठल्याही डॉक्टरांचं नाव नाही, सही नाही. आयसीएमआरची २०२३ ची एआयसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात माणसाची देखरेख हवी, पेशंटची समजून-उमजून संमती हवी असं स्पष्ट आहे. इथे संमतीचा फॉर्म इंग्रजीत, सही कुठे करायची तेवढी फुली मारलेली. फोटो कुठे जातो, किती वर्षं ठेवतात, मशीन शिकवायला वापरतात का, हे मी विचारलं तर ‘कंपनीच्या सर्व्हरला जातो’ एवढंच उत्तर मिळालं. गरीब माणसाचा डोळा फुकट वापरायला मिळालेला माल नाही, विचारल्यावर नीट सांगितलंच पाहिजे.

अजून एक फार महत्त्वाचं. ही तपासणी शुगरने झालेला पडद्याचा आजार शोधते, बाकी काही नाही. निदान या सेंटरवर तरी तेवढंच आहे. काचबिंदू, डोळ्याचं प्रेशर, मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, यातलं काहीही ती सांगत नाही. बाहेर एक काका खुशीत होते, रिपोर्ट नॉर्मल आला, आता डोळ्याची चिंता मिटली म्हणाले. त्यांच्या वडिलांना काचबिंदू होता हे बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, म्हणजे त्यांनी तर प्रेशर तपासायलाच हवं! सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हे लिहायला पाहिजे, आत्ता तिथे नुसता ‘एआय नेत्र तपासणी’ असा फ्लेक्स आहे आणि वाचणाऱ्याला वाटतं डोळ्याचं सगळंच झालं.

आमचं काय झालं ते सांगतो. आईच्या उजव्या डोळ्याला रेफर आलं होतं. आम्ही त्याच आठवड्यात सोलापूरला रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी थेंब टाकून दोन्ही डोळे आतून बघितले. उजव्या पडद्यावर शुगरचे डाग आहेत, मध्यम स्टेज, मधल्या भागात सूज नाही म्हणून लेझर, इंजेक्शन आत्ता काही नको, शुगर आणि बीपी आटोक्यात आणा आणि सहा महिन्यांनी परत दाखवा. डाव्यालाही तसेच थोडे डाग निघाले आणि मोतीबिंदूची सुरुवात, म्हणूनच फोटो येत नव्हता. म्हणजे मशीन उजव्याला बरोबर होतं आणि डाव्याला गप्प राहिलं तेही बरोबरच होतं. डॉक्टर मशीनचा कागद बघून म्हणाले, असे पेशंट या स्टेजला माझ्याकडे पूर्वी यायचेच नाहीत, यायचे ते डोळ्यात रक्त उतरल्यावर. या एका वाक्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितोय. आई आता भात मोजून घेते आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंना घेऊन चालायला जाते.

टीबीच्या तपासणीतही एआयचं असंच चाललंय. छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरने वाचायला डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांसाठी मान्यता दिली, मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी याच कामात आहे, आणि जगातले साधारण पाव टीबी पेशंट आपल्या देशात आहेत म्हटल्यावर याची गरज कोणाला सांगायला नको. पण तिथेही एक्स-रेवर संशय आला की थुंकी तपासायला माणूसच धावायला लागतो, औषधं चालू राहतात का बघायला आशाताईच घरी येते. त्यांचं मानधन वेळेवर देणं हे मला कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरइतकंच गरजेचं वाटतं.

जाणार असाल तर शेवटची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट), बीपीचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. शुगर असलेली कोणी गरोदर असेल तर तिने इथे वेळ न घालवता सरळ डॉक्टरकडे जावं, त्या काळात पडदा झपाट्याने बिघडू शकतो. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, पडदा ओढल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याने एकदम कमी दिसायला लागलं तरीही तेच, त्याच दिवशी डॉक्टर. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुढच्या वर्षीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. रेफर आलं तर बाहेर पडायच्या आधीच काउंटरवर विचारून रेटिनाच्या डॉक्टरांचं नाव आणि ओपीडीचे वार लिहून घ्या. सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, तेव्हा गर्दी फार, बाकी दिवशी सकाळी दहाच्या आत गेलात तर लगेच नंबर लागतो. आणि थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे टू-व्हीलर चालवायला दुसरं कोणीतरी बरोबर असू द्या.