टू-के २५ मधला सेंटर: त्रिकोणावरचं बोट आवरा

एनबीए टू-के २५ या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, घेणारे बहुतेक नवे खेळाडू एकाच बटणाने हरतात. प्ले-स्टेशनवर ते बटण म्हणजे त्रिकोण. बचावात ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं), बॉल हवेत असताना रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), दोन्ही त्याच्यावर. समोरच्याने शॉटची हूल दिली की बोट दाबलं जातं, आपला सात फुटी गडी हवेत आणि समोरचा आरामात खालून बॉल टाकतो. नाहीतर फाउल. रिंगजवळ असताना आधी उजवी स्टिक वर ढकलून फक्त हात उंच ठेवावेत, समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटले की मगच उडी. एवढी सवय लागली तरी सेंटर निम्मा सुधारतो.

रिबाउंडचंही तसंच. शॉट सुटताच उडी मारणारा बॉल खाली येईपर्यंत स्वतःच जमिनीवर आलेला असतो. शॉट सुटला की एल-२ बटण धरून जवळच्या माणसाला अंगाने अडवायचं, बॉल रिंगला लागून कुठल्या बाजूला वळतो ते बघायचं आणि मग त्रिकोण. बॉक्सआउट बीस्ट आणि रिबाउंड चेसर हे दोन बॅज (गड्याला मिळणारी खास कौशल्यं) इथे खरंच जाणवतात. पण जागा चुकली असेल तर लेजंड या सर्वोच्च पातळीचा बॅजसुद्धा बॉल हातात आणून देत नाही, आणि ते योग्यच आहे. हातात आल्यावर लगेच ड्रिबल करू नये. छोटे गार्ड (बॉल हाताळणारे, कमी उंचीचे खेळाडू) खालून चोरायला टपलेले असतात. आर-१ दाबून आपला गार्ड निवडावा आणि पास द्यावा.

गडी बनवताना उंचीचा मोह आवरावा. उंची वाढली की धावण्याची गती, बॉल हाताळणं आणि लांबचा शॉट यांची कमाल मर्यादा खाली येते. वजन वाढवलं तर ताकद मिळते, पण चपळाई जाते. हात लांब घेतले तर ब्लॉक आणि रिबाउंड वाढतात, शॉट बिघडतो. ‘रेक’ या पाच विरुद्ध पाचच्या ऑनलाइन सामन्यांमध्ये ६ फूट १० इंच ते ७ फूट हा पट्टा सगळ्यात उपयोगी. याहून उंच गडी स्क्रीननंतर (सहकाऱ्यामागे लागलेल्या बचावपटूची वाट अंगाने अडवणं म्हणजे स्क्रीन) गार्डसमोर एकटा सापडला की खांबासारखा उभा राहतो. गुण वाटताना इंटीरियर डिफेन्स (रिंगजवळचा बचाव), ब्लॉक, डिफेन्सिव्ह रिबाउंड, ताकद आणि स्टँडिंग डंक (जागेवरूनच उडी मारून बॉल रिंगमध्ये घालणं) आधी. तीन पॉइंटरचा, म्हणजे लांबून तीन गुणांच्या शॉटचा, मोह असेल तर यातल्या कशावर पाणी सोडायचं ते आधीच ठरवावं. सगळं मिळत नाही.

स्क्रीन देताना वर्तुळाचं बटण धरून ठेवायचं आणि हलायचं नाही. शेवटच्या क्षणी सरकलात की मूव्हिंग स्क्रीनचा फाउल. गार्ड बाजूने निघाला की लगेच रिंगकडे वळावं, कारण पास तेव्हाच येतो. न आल्यास पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात) ठाण मांडू नये. रेकमध्ये तीन सेकंदांची शिट्टी वाजते. बॉलसाठी सारखा एक्स दाबणाऱ्याचा टीममेट ग्रेड (सहकारी म्हणून गेम देतो तो शेरा) घसरतो, बरोबरचेही वैतागतात.

पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ बचावपटूला पाठ लावून खेळताना, मात्र गेम थोडा कंजूष वाटतो. एल-२ ने पाठ लावायची, उजवी स्टिक रिंगच्या दिशेने तिरपी ढकलली की हुक (एका हाताने डोक्यावरून टाकलेला शॉट), रिंगपासून उलट ढकलली की फेड (मागे झुकत मारलेला शॉट). हुक सुंदर दिसतो, हालचाली खऱ्या सामन्यांच्या चित्रीकरणातून घेतल्याचं कळतं. पण समोरचा वजनदार असेल आणि त्याच्याकडे पोस्ट लॉकडाउन हा बचावाचा बॅज असेल तर ढकलत राहून नुसता दम संपतो. दोन धक्क्यांत जागा मिळाली नाही तर बॉल बाहेर उभ्या सहकाऱ्याला द्यावा. दुसरा बचावपटू मदतीला धावून आला असेल, तर कोपऱ्यातला शूटर मोकळा असतोच.

एक गोष्ट सेंटरच्या बाजूची: इंटरनेट अडखळत असेल तर लांबच्या शॉटचं टायमिंग आधी बोंबलतं. स्टँडिंग डंकला ती चिंता कमी. ब्लॉक मात्र उशिरा लागतो, म्हणून वायफायऐवजी केबल जोडावी.

खटकणारी बाब पैशाची. गडी ६० या एकूण रेटिंगपासून सुरू होतो, आणि बॅज खेळून वाढत असले तरी गुण वाढवायला व्हीसी (गेममधलं चलन, खरे पैसे देऊनही मिळतं) लागतात. नुसतं खेळून ते जमतात, पण फार हळू. सेंटरवर हिशेब आणखी टोचतो, कारण ताकद किंवा रिबाउंड कमी असलेला सेंटर संघाला लगेच जड होतो. पीसीवाल्यांना नव्या कन्सोलची आवृत्ती पहिल्यांदा याच भागात मिळाली, त्यामुळे तिथे २४ पेक्षा हाच घ्यावा. जुना भाग स्वस्तात दिसला तरी सर्व्हर चालू आहेत का ते आधी तपासा. टू-के २३ चे ३१ डिसेंबर २०२४ लाच बंद झाले.