अडतीस नंबरची दाढ

थंड पाणी प्यायलं की डावीकडे खाली एक सणक यायची. घोट गिळेपर्यंत असायची, मग गायब. दोन-तीन महिने मी सरळ उजवीकडून पाणी पीत राहिले. दातांच्या डॉक्टरांना टाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शेवटी बऱ्याच शाखा असलेल्या एका दवाखान्याची 'मोफत दंततपासणी' फोनवर दिसली आणि मी नाव नोंदवून टाकलं.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी पेनाएवढा एक कॅमेरा तोंडात घातला. समोरच्या पडद्यावर माझी दाढ परातीएवढी दिसायला लागली. तिच्या खाचांमध्ये काळ्या रेघा, कडेला पिवळट थर. आपलंच तोंड आतून कधी कोणी इतकं मोठं करून बघितलेलं असतं? मला शिसारी आली. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "किती वर्षांत दाखवले नाहीत दात?" मी म्हटलं, "सहा-सात असतील." ती काहीच बोलली नाही. नुसता एक उसासा टाकला आणि पडदा माझ्याकडे आणखी वळवला.

माझी सही त्या उसाशाने घेतली, असं मी आज म्हणते. मला काही कळत नव्हतं असं नाही. चार पुस्तकं वाचलेली बाई आहे मी. पण लाज वाटत असलेला माणूस प्रश्न विचारत नाही. आपली हयगय भरून काढायची संधी मिळतेय म्हटल्यावर तो ती उपकारासारखी घेतो.

मग एक्स-रे. सेन्सर जिभेखाली रुतत होता, मला उमासे येत होते. दोनदा प्रयत्न झाला. "असू द्या, मिळालंय," असं म्हणून तिने तो काढून घेतला आणि मला काउन्सिलर बाईंच्या खोलीत पाठवलं. तिथे संगणकावर एक एक्स-रे आधीच उघडलेला होता. बाईंनी माउसने एका दाढेभोवती लाल गोल काढला. "ही सावली दिसते? कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलीय. हिचं रूट कॅनॉल, शेजारचीचंही. आणि ही शेवटची आडवी आलीय, ती काढायला लागेल." त्यांनी हाताने लिहिलेला कागद पुढे सरकवला. दोन रूट कॅनॉल आणि दोन कॅप, चार दातांत सिमेंट, एक दाढ काढणे. एकूण सात दात. नावं नाहीत, नुसते आकडे.

"आज सुरू केलंत तर पॅकेजमध्ये बसतं. आणि मॅडम, ही नस कधीही भडकेल. रात्री-बेरात्री कुठे जाल?"

पैसे हप्त्यांनी भरता येतील, व्याज नाही, म्हणाल्या. टॅबवर बोटाने सही केली, ओटीपी सांगितला. पंधरा मिनिटांनी मी भूल घेऊन खुर्चीत होते. सणक घेऊन गेले होते, सात दातांची यादी घेऊन बसले.

लाल गोलातल्या त्या दाढेसाठी तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा डॉक्टर वेगळे. मास्कमुळे चेहराही धड दिसला नाही, आणि कागदावर कोणाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक नाही हे तेव्हा माझ्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या खेपेनंतर घरी आले, भूल उतरली, थंड पाण्याचा घोट घेतला.

तीच सणक. तिथेच.

आता ज्या दाढेतली नसच काढून टाकलीय तिला थंड कसं लागेल? फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी तयारच होती. "शेजारच्या दाढेचं असेल मॅडम. ती प्लॅनमध्ये आहेच. उद्याची वेळ देऊ?" मी 'हो' म्हणणार होते, खरंच. ताई बाजूला बसली होती. तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखव. तोंड तुझं आहे, पळून जात नाही."

ताईच्या ओळखीतल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. छोटा दवाखाना, भिंतीवर त्यांचं प्रमाणपत्र, पडदा वगैरे नाही. मी कागद पुढे केला तर त्यांनी तो पालथा घालून ठेवला. "हे नंतर बघू. आधी सांगा, थंड लागल्यावर कळ किती वेळ राहते?"

एवढ्या मोठ्या दवाखान्यात, पाच वेगवेगळ्या माणसांपैकी, हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता.

"गिळेपर्यंत," मी म्हटलं. रात्री झोपमोड होते का? नाही. आपोआप ठणकतं का? नाही. गरमाने वाढतं? नाही. चावताना? नाही. मग त्यांनी एकेक दात हवेने कोरडा केला, कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो दातांना लावला, आरशाच्या दांड्याने हलकेच टकटक केलं. मोठ्या दाढेच्या पुढच्या दातापाशी, हिरडीच्या कडेला बोळा लागताच मी खुर्चीत उडाले. बोळा काढला, दोन सेकंदांत सगळं शांत.

"हा तुमचा चोर. कडक ब्रशने आडवं घासता ना? हिरडी खाली सरकलीय, मुळाचा भाग उघडा पडलाय. त्याच्यावर इनॅमलचं कडक कवच नसतं, म्हणून थंड आत पोचतं. नस धडधाकट आहे." नस खरोखर सुजून कामातून गेली असेल, तर थंड लागून गेल्यावरही कळ रेंगाळते, अर्धा-अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त, रात्री आपोआप ठणका लागतो, मूळ बाधित झालं असेल तर टकटक केलं की दुखतं. नस पूर्ण मेली असेल तर थंड कळतच नाही. यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सांगितली, ती काही आठवडे सलग वापरायची म्हणाल्या. महिन्याभरात सणक जवळजवळ गेली.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि मला ते आकडे वाचायला शिकवले. दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. दुसरा आकडा म्हणजे मधल्या रेषेपासून मागे मोजत कितवा दात. म्हणजे ३६ ही खाली डावीकडची पहिली मोठी दाढ, साधारण सहाव्या वर्षी येते ती. तिचं रूट कॅनॉल झालेलं. ३५ हा तिच्या पुढचा दात, माझा चोर. तो यादीत नव्हताच! ज्या दाताने मला तिथवर नेलं, त्याला कोणी हातही लावला नव्हता.

"आणि ही अडतीस काढायची म्हणून लिहिलीय," बाई म्हणाल्या, "ती आहे कुठे?"

अडतीस म्हणजे खालची डावी अक्कलदाढ. माझी ती कधीच काढलेली आहे. गाल टम्म सुजला होता, चार दिवस झोपून होते, विसरणं शक्य नाही. मग काउन्सिलर बाईंच्या पडद्यावर आडवी पडलेली शेवटची दाढ कोणाची होती? अक्कलदाढ तर आधीच गेली होती, उरलेली अक्कल मी त्या खोलीत सोडून आले होते.

तो एक्स-रे माझा नव्हता. लाल गोलातली सावली माझी नव्हती. चूक होती की लबाडी, यावर मी पुष्कळ विचार केलाय. चूक असती तर दाढ उघडल्यावर करणाऱ्याला कळलीच असती. किडलेला भाग मऊ लागतो, निरोगी दात नाही. तीन खेपांत तीन डॉक्टरांपैकी कोणीतरी थांबायला हवं होतं.

बाकीच्या चार 'किडी'? बाईंनी तीन खाचा साफ करून दाखवल्या, निव्वळ डाग. चौथ्या ठिकाणी किडीची अगदी सुरुवात होती, पृष्ठभाग न फुटलेली. अशी कीड फ्लोराइडच्या पेस्टने आणि नीट निगा राखून तिथल्या तिथे थांबू शकते. भोक पडलं की मग सिमेंट भरण्यावाचून इलाज नाही. हे लिहिताना एक सांगायला हवं. चौथ्या दाताबद्दल दोन प्रामाणिक डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. एक म्हणेल भरून टाकू, दुसरा म्हणेल सहा महिने बघू. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. मतभेद असला तरी डॉक्टर तुमच्याच तोंडात बघून बोलत असतो.

आता छत्तीस. मी विचारलं, "ही चांगली होती का हो?" बाईंनी नवा एक्स-रे काढला. मुळांमध्ये भरलेला मसाला पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. दोन रेघा दिसल्या. थोड्या तिरक्या कोनातून पुन्हा काढला तरी दोनच. या दाढेच्या मुळांत नस जाण्याच्या बहुधा तीन नलिका असतात, कधी चारही. त्यातली एक तशीच राहून गेली होती. म्हणजे नको असलेलं काम, तेही अर्धवट. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. "आधीची दाढ मी पाहिलेली नाही. नस गेली, वरचा भाग कोरला गेला. आता काय सांगू?"

मला सगळ्यात जास्त हेच लागलं. इतर कुठल्या फसवणुकीत वस्तू मागे उरते, दाखवता येते. इथे इलाजच पुरावा नाहीसा करतो. दाढ चांगली होती हे सिद्ध करणारी एकच गोष्ट, चांगली दाढ, ती उरलेली नसते. उरतो फक्त हात लावण्याआधीचा एक्स-रे, असेल तर.

आणि गंमत बघा (गंमत कसली), खोटी गरज आता खरी झाली होती. राहिलेली नलिका आज ना उद्या त्रास देणार म्हणून काम उकलून पुन्हा करावं लागलं. एवढी कोरलेली दाढ कॅपशिवाय चावताना चिरू शकते, म्हणून ती चारी बाजूंनी तासून कॅपही बसवावी लागली. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही, तरी लोक अडकतात. मला वाटत होतं हप्ते दवाखान्याला जातायत, पुढचं काम नको म्हटलं की थांबतील. प्रत्यक्षात मी एका कर्ज कंपनीची कर्जदार झाले होते. कंपनीने पूर्ण पॅकेजची रक्कम दवाखान्याला पहिल्याच दिवशी दिलेली. सहा दातांना कोणी हात लावलेला नाही, हप्ते मात्र सातही दातांचे. दवाखाना म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे दवाखान्याशी बोला. कित्येक ईमेलनंतर न झालेल्या कामाचं कर्ज रद्द झालं. छत्तीसचे हप्ते मी पूर्ण भरले.

आता कोणी विचारलं की काय करू, तर मी खुर्चीत बसण्याआधीचंच सांगते. एक्स-रे दाखवला की त्यावर स्वतःचं नाव आणि तारीख बघा आणि तिथल्या तिथे त्याची प्रत फोनवर मागा. खरं काम करणाऱ्याला यात अवघड काही नसतं. आकडे लिहून दिले तर आरशासमोर उभं राहून मोजा, दात तिथे आहे का एवढं तरी कळेल. रूट कॅनॉल म्हणाले तर विचारा, गार लावून बघितलंत का, टकटक केलीत का. तोंड सुजलंय, ताप आहे, ठणक्याने झोप नाही, तर मात्र घोळ घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पण काही दुखत नसताना 'आजच' म्हणतायत, तर ती घाई तुमच्या दाताची नाही. कॅमेऱ्याला घाबरू नका. परातीएवढी केली तर कुठलीही दाढ भयानक दिसते. आणि उसासा टाकला तर टाकू द्या.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे मी तक्रार केली. त्यासाठी दवाखान्याकडे लेखी अर्ज करून माझी पूर्ण फाइल मागितली. आधी 'सिस्टीम बदललीय' म्हणाले, मग 'शाखा बदललीय'. तिसऱ्या अर्जानंतर पाकीट आलं. आत माझी बोटाने केलेली सही होती, सात आकड्यांची यादी होती, आणि छत्तीस नंबरच्या दाढेचे चार एक्स-रे होते, प्रत्येकावर माझं नाव अगदी नीट छापलेलं. मी ते खिडकीपाशी नेऊन एकेक करून बघितले.

चारही एक्स-रे दाढ उघडल्यानंतरचे होते.