फिरता तारानकाशा की भोकांचा डबा?

धाकट्या बहिणीचा प्रश्न: पोरांना आकाश दाखवण्याआधी काय बनवू?

खर्च दोन्हींचा किरकोळ. डबा अर्ध्या तासात होतो: बुडाला खिळ्याने मृगाची भोकं, आत टॉर्च. बाहेरून ठोकताना आकृती उलटी गिरवा, नाहीतर भिंतीवर व्याध भलत्याच बाजूला उगवतो. आमच्याकडे उगवला! आणि गच्चीवर डब्याचा उपयोग शून्य.

नकाशा म्हणजे ताऱ्यांच्या चकतीवर फिरणारं, खिडकी असलेलं झाकण. ती खिडकी कापायला मोठं माणूस लागतं, पण तारीख-वेळ जुळवली की समोरचं आकाश हातात. साचा आपल्याकडच्या १८-२० अक्षांशाचाच घ्या. ४० अंशांचा ध्रुवतारा दुप्पट उंच दाखवतो. अंधारात नकाशा वाचायला टॉर्चवर लाल जिलेटीन कागद.

पहिली-दुसरीतली पोरं, पावसाळी रात्र: डबा. घड्याळ कळणारी, गावची काळोखी गच्ची: नकाशाच.