कॉलेजात फुकट मिळालेला डिजिटल रुपया : काही महिने वापरल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. डिजिटल रुपया चालतो, नीट चालतो, पैसे कुठे गायब होत नाहीत. पण हातात यूपीआय असताना पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांनी तो मुद्दाम का वापरावा, याचं उत्तर तो वाटायला आलेल्या बँकेकडे नव्हतं. मला माझ्यापुरतं एक सापडलं, ते खाली येईलच. वर्गातल्या बाकीच्यांना सापडलं नाही. त्यांनी शंभर रुपये उडवले आणि ॲप काढून टाकलं.

फेस्टच्या दिवसांत एका बँकेने आवारात टेबल मांडलं होतं. ॲप उतरवा, वॉलेट उघडा, एक व्यवहार करून दाखवा आणि शंभर रुपये मिळवा. टेबलावरच्या दादांना लोक एकच प्रश्न विचारत होते, "हे बिटकॉइन आहे का?" ते सगळ्यांना एकच उत्तर देत होते, "नाही हो, सरकारी आहे." उत्तर बरोबरच, पण तेवढ्यावर कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. रांग मात्र मोठी होती. शंभर रुपयांत आमच्याकडे अजूनही दोघांचा चहा आणि वडापाव होतो, वर सुट्टे उरतात.

तर हे आहे काय? रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत किरकोळ वापराच्या डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. पुढे शहरं आणि बँका वाढत गेल्या. यूपीआयमध्ये पैसे बँकेच्या खात्यातच असतात आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. इथे रिझर्व्ह बँकेने काढलेले पैसेच तुमच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये येतात. खिशातल्या नोटेवर व्याज मिळत नाही, तसं यावरही मिळत नाही. किंमत चढत-उतरत नाही. बिटकॉइनसारख्या खासगी आभासी चलनांच्या नफ्यावर आपल्याकडे 2022 पासून 30 टक्के कर आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. आणि 2021 साली आलेलं, ठरावीक कामापुरतंच चालणारं 'ई-रुपी' व्हाउचर हे आणखी वेगळंच प्रकरण. नावांचा हा गोंधळ कुणी घातला त्याला नमस्कार.

ॲप उघडल्यावर जे दिसतं ते मला आवडलं. नुसता आकडा नाही, नोटा आणि नाणी दिसतात. पाचशेची नोट, शंभराची, दहाची, खाली एक रुपयाचं नाणं, अगदी पन्नास पैशांचंसुद्धा. पैसे भरताना कोणत्या किती नोटा हव्यात ते निवडता येतं. देताना मात्र मोड आपल्याला मोजावी लागत नाही, ॲपच बघून घेतं. पहिले काही दिवस मी उगाचच दहा-दहाच्या नोटा भरून घ्यायचे, कारण त्या एकेक करून कमी होताना दिसायच्या. हा पोरखेळ वाटेल, पण खात्यात शिल्लक किती हे बघणं आणि आपल्याकडे आता दोनच नोटा उरल्यात हे दिसणं, यात फरक पडतो. शुक्रवारी रात्री तर फारच पडतो.

आता दुकानाचं. सुरुवातीला दुकानदाराकडेही हेच वॉलेट लागायचं. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयाजवळच्या एका फळवाल्याने डिजिटल रुपया घेतल्याची बातमी जानेवारी 2023 मध्ये सगळीकडे फिरली होती, ती बातमी झाली यातच सगळं आलं. 2023 मध्येच यूपीआयचा क्यूआर चालायला लागला आणि प्रश्न मिटला. आता मी अमृततुल्यवर, झेरॉक्सवाल्याकडे, मेसमध्ये तोच नेहमीचा कोड स्कॅन करते. त्यांच्या खात्यात नेहमीसारखे पैसे पडतात. समोरच्याला पत्ताही नसतो की मी काय वापरलं. मेसच्या काकूंना एकदा हौसेने सांगायला गेले, तर म्हणाल्या, "अगं, डबी बोलली ना? मग झालं तर." डबी म्हणजे साउंडबॉक्स. एकदोन वेळा तो बोलायला उशीर झाला तेव्हा मात्र काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मागे रांग वाढत गेली. पैसे पोचले होते, पण अशा वेळी माणूस पुढच्या दिवशी गपचूप यूपीआयच वापरतो.

म्हणजे बघा, तो चालावा म्हणून त्याला यूपीआयच्या कोडवर चालवला, आणि तिथे चालायला लागल्यावर त्याचं वेगळेपणच उरलं नाही. वापरणाऱ्याला दोन्ही अनुभव सारखेच. मग फुकटचे शंभर संपल्यावर दुसरं ॲप कोण ठेवणार?

हा प्रश्न फक्त आमच्या कॉलेजचा नाही. विद्यार्थ्यांना डिजिटल चलन वाटून बघण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 2014 साली झाला. जेरेमी रुबिन आणि डॅन एलिट्झर या दोन विद्यार्थ्यांनी पाच लाख डॉलर उभे केले आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शंभर डॉलरचे बिटकॉइन द्यायचं जाहीर केलं. साडेचार हजारांच्या आसपास मुलं होती, त्यातल्या 3,108 जणांनी नाव नोंदवलं. शंभर डॉलर फुकट मिळत असूनही जवळपास तीस टक्के मुलं आली नाहीत, हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. आमच्या टेबलासमोर शंभर रुपयांसाठी केवढी रांग!

पण त्यांनी एक हुशारी केली. कुणाला आधी द्यायचं आणि कुणाला दोन आठवडे थांबवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. ख्रिश्चन कॅटालिनी आणि कॅथरिन टकर या तिथल्याच दोन अभ्यासकांनी त्यावरून निष्कर्ष काढले. ज्यांना नवं काही हातात आलं की लगेच वापरून बघायची खोड असते, अशा मुलांना मुद्दाम थांबवलं तर ती चिडून बिटकॉइन विकून मोकळी होण्याची शक्यता जास्त. आणि त्यांचं बघून आसपासची बाकीची मुलंही सोडून देतात. आमच्या वर्गाला हे शब्दशः लागू पडतं. आमच्यात एक मुलगा आहे, कोणतंही ॲप पहिल्यांदा त्याच्याच फोनमध्ये असतं. त्याचं वॉलेट पडताळणीत अडकलं, कारण बँकेला दिलेला नंबर आणि फोनमधलं सिम वेगळं. वॉलेट सिमला बांधलेलं असतं, त्याशिवाय पुढे सरकत नाही. टेबलावरच्या दादांनी "होईल दोन दिवसांत" म्हणून सोडलं. ते झालंच नाही. त्याने ग्रुपवर 'फालतू आहे' एवढंच लिहिलं आणि अर्ध्या ग्रुपचा विषय संपला. त्या एका पोराचं सिम जागच्या जागी सोडवून दिलं असतं, तर शंभर जणांना शंभर रुपये वाटण्यापेक्षा जास्त काम झालं असतं.

एमआयटीच्या प्रयोगातून आणखी एक दिसतं. वाटप झालं तेव्हा एक बिटकॉइन साडेतीनशे डॉलरच्या आसपास होता, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 0.3 च्या आत-बाहेर आलं. काहींनी ते जवळच्या सुशीच्या हॉटेलात खाऊन टाकलं. ज्यांनी नुसतं ठेवून दिलं त्यांच्याकडे डिसेंबर 2017 मध्ये हजारो डॉलर झाले. पण ठेवून देणं म्हणजे चलन वापरणं नव्हे. जे जिंकले ते न वापरल्यामुळे जिंकले. आपल्या डिजिटल रुपयात ही लालूच नाही, आणि ते चांगलंच आहे. फक्त त्यामुळे तो वापरायला दुसरं कारण द्यावं लागतं, आणि ते बक्षिसाने मिळत नाही.

चीनने वेगळी शक्कल लढवली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये शेन्झेन शहरात सोडत काढून 50,000 लोकांना प्रत्येकी 200 युआन डिजिटल चलनात दिले. ठरलेल्या दुकानांतच खर्च करायचे, तेही थोड्याच दिवसांत, नाहीतर परत घेणार. लोकांनी अर्थातच खर्च केले. पण मुदत घालून खर्च करून घेतलेल्या पैशाला सवय म्हणायचं का?

आपल्याकडेही हे घडून गेलंय. डिसेंबर 2023 मध्ये दिवसाला दहा लाख व्यवहारांचं लक्ष्य गाठायचं होतं. बँकांनी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या पगारातले काही भत्ते डिजिटल रुपयात टाकले आणि आकडा गाठला गेला. 2024 च्या मध्यावर तो दिवसाला एक लाखाच्या आसपास आला. वाटणं थांबलं की वापर ओसरतो, मग घेणारा बँकेचा कारकून असो की सेकंड इयरची मुलगी. मार्च 2025 अखेर देशात 1,016 कोटींचा डिजिटल रुपया होता. आदल्या वर्षी 234 कोटी होता, त्यामानाने वाढ मोठी. पण कागदी नोटा लाखो कोटींच्या आहेत, त्यापुढे हे काहीच नाही.

आता माझं कारण. माझं खातं मी अल्पवयीन असताना उघडलेलं. त्याला ई-मेल बाबांचा आहे. दर महिन्याचं स्टेटमेंट बार्शीला जातं आणि बाबा ते वाचतात. नुसतं वाचत नाहीत, प्रिंट काढून वाचतात. मग फोन येतो, "एकाच दिवशी चार वेळा चहा? आणि हे काय, साडेअकराला भुर्जी? अभ्यास कधी करतेस?" बाबांचं काही चुकतंय असं नाही, पण वीस वर्षांच्या मुलीने वीस रुपयांचा हिशेब द्यायचा तर जगायचं कसं? डिजिटल रुपयात मी सोमवारी सातशे रुपये वॉलेटमध्ये घेते. स्टेटमेंटवर एक ओळ येते. पुढचा चहा, भुर्जी, झेरॉक्स हे वॉलेटमध्ये राहतं. बाबांना मी सांगितलंय की आठवड्याला सातशे घेते, त्यावर ते काही म्हणाले नाहीत. रोख काढून पाकिटात ठेवली असती तर एवढंच कळलं असतं. रिझर्व्ह बँकेनेही 2022 च्या टिपणात छोट्या व्यवहारांना रोखीसारखी थोडी अनामिकता हवी असं म्हटलं होतं. माझ्या आयुष्यात ती अनामिकता भुर्जीपुरती आहे, पण आहे. (बँकेपासून आणि सरकारपासून सगळं लपतं असं समजू नका. तसं नाही.)

कुणी म्हणेल, मग यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या खर्चाचं वॉलेट, काय वाईट? बरोबर आहे. तिथेही भरल्याची एकच ओळ येते, पिनही टाकावा लागत नाही आणि नवं ॲप लागत नाही. चहाच्या टपरीवर लाइट जास्त चपळ आहे, हे मान्यच करते. फरक मला उधारी परत मिळताना पडला. लाइटमधून दिलेले पैसे मैत्रिणीने परत केले की ते बँकेच्या खात्यात येतात, म्हणजे पुन्हा स्टेटमेंटवर नावासकट ओळ. डिजिटल रुपयात तिच्याकडेही वॉलेट असेल तर पैसे वॉलेटमध्येच येतात. आमच्या रूमवर आम्ही तिघी आहोत, तिघींकडे आहे, त्यामुळे भाजी, गॅस, वायफायचा हिशेब तिथेच फिरतो. चौथीकडे नसेल तर हा फायदा गेला. म्हणूनच म्हणते, कॉलेजभर शंभर-शंभर वाटण्यापेक्षा एकेका रूमला, एकेका मेसला धरून द्या. एकमेकांना पैसे देणारी माणसंच एकमेकांना बांधून ठेवतात.

दुसरं एक कारण आहे, ते टेबलावर कुणीच सांगितलं नाही. वॉलेटमधले पैसे हे रिझर्व्ह बँकेचं देणं आहे, तुमच्या बँकेचं नाही. माझ्या काकांचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले होते, कित्येक महिने थोडे थोडेच काढता येत होते. महाराष्ट्रात असं एक तरी घर प्रत्येकाच्या ओळखीत असतं. दिवाळीत काकांना मी वॉलेट दाखवलं, तेव्हा नोटांची चित्रं, क्यूआर, कशात त्यांना रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "बँक बंद पडली तरी हे माझेच ना?" हो म्हटल्यावर चष्मा लावून नीट बघायला लागले. वॉलेटमध्ये आयुष्याची पुंजी ठेवता येत नाही, रकमेला मर्यादा आहे, तेही सांगितलं. तरी कॉलेजच्या पोरांपेक्षा हे चलन काकांना लवकर पटलं.

नेट नसताना चालण्याबद्दल. फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑफलाइन व्यवहारांची चाचणी घेणार असं जाहीर केलं, त्याची मी सगळ्यात जास्त वाट बघत होते. आमची मेस तळघरात आहे, तिथे रेंज म्हणजे नशिबाचा भाग. माझ्या वॉलेटमध्ये तो पर्याय दिसला नाही, त्यामुळे जेवण झालं की सगळे अजूनही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून काकूंना पैसे देतात. हे एक जमलं तर शंभर रुपये न देताही अख्खी मेस ॲप घेईल.

ग्राहकसेवेबद्दल थोडक्यात : शाखेत विचारलंत तर समोरच्यालाच माहीत नसण्याची शक्यता बरीच. माझी एक तक्रार ॲपमधूनच सुटली, उत्तर इंग्रजीत आलं. मराठी भाषेचा पर्याय असता तर काकांना मी लागले नसते.

घ्यायचं असेल तर एवढं करा. ज्या नंबरवर बँकेचं खातं आहे तेच सिम फोनमध्ये ठेवून वॉलेट उघडा, पिन कुठेतरी लिहून ठेवा. सुट्टीत फोन विकणार असाल किंवा नंबर बदलणार असाल, तर आधी वॉलेटमधले पैसे खात्यात परत घ्या आणि मगच ॲप काढा. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचे पाच-दहा रुपये अजून त्या काढून टाकलेल्या ॲपमध्येच पडलेत. त्यांना सांगितलं तरी परत ॲप घ्यायचा कंटाळा येतो.