दाढ काढायची आहे: फॅक्टर की डेस्मोप्रेसिन?

सौम्य हिमोफिलिया ए (रक्त गोठायला लागणारा फॅक्टर ८ कमी असण्याचा आजार) असलेल्या माणसाची दाढ काढायची म्हटली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. समोर दोन वाटा असतात.

फॅक्टर ८ शिरेतून दिला की पातळी हिशेबानं वाढते. वजनाच्या दर किलोमागे १ युनिट दिलं की साधारण २ टक्के. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० टक्के वाढ हवी तर १२५० युनिट. पण औषध महाग, आणि काहींच्या शरीरात त्याविरुद्ध इन्हिबिटर, म्हणजे तो निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतात.

डेस्मोप्रेसिन बरंच स्वस्त. ते शरीरात साठलेलाच फॅक्टर बाहेर काढतं, म्हणून फॅक्टर जवळजवळ नसतोच अशा तीव्र हिमोफिलियात आणि फॅक्टर ९ कमी असलेल्या हिमोफिलिया बीमध्ये उपयोगाचं नाही. आधी चाचणी डोस देऊन पातळी मोजलेली हवीच. त्या दिवशी पाणीही बेतानं प्यायचं, नाहीतर सोडियम घसरतं. चाचणीत प्रतिसाद चांगला असेल आणि दाढ साधी असेल, तर माझं मत यालाच. हाड कोरून अक्कलदाढ काढायची असेल तर मात्र फॅक्टरच.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे गुठळी टिकवणारं औषध, दोन्हींसोबत द्यावं, कारण लाळ गुठळी विरघळवते. आणि खड्ड्यातली ती गडद लाल गुठळी जिभेनं चाचपू नका, कृपा करून.