वायरवाला हायग्रोमीटर, वेताळ टेकडी आणि गोगलगायी: रिव्ह्यू

हा हवेतला ओलावा (आर्द्रता) मोजणारा मीटर लोक शक्यतो अंड्यांच्या इनक्युबेटरसाठी घेतात, मी घेतला गोगलगायींसाठी. पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांनी बघितलं असेल, एका पट्ट्यात पाय ठेवायला जागा नाही एवढे शंख आणि पुढच्या वळणावर उघड्या माळावर एकही नाही, पाऊस तर दोन्हीकडे तेवढाच पडलाय. हा फरक आकड्यात बघायचा होता म्हणून मागवला. ब्रँड-बिँड काही नाही, एकच माल चार नावांनी विकतात.

घेताना एक गोष्ट नीट वाचा. बऱ्याच मॉडेलमध्ये वायरच्या टोकाचा प्रोब फक्त तापमान मोजतो आणि आर्द्रतेचा सेन्सर डब्यातच असतो, म्हणजे तुमच्या हाताजवळची हवा मोजून मिळते, जी गोगलगायीच्या काही कामाची नाही. तिचं सगळं जग जमिनीपासून वीतभर उंचीत. प्रोबमध्येच दोन्ही सेन्सर असलेला घ्या, तो पाचोळ्यात सारायचा नाहीतर दगडाखाली घालायचा आणि दहाएक मिनिटं गप बसायचं, आकडा लगेच स्थिर होत नाही.

आल्या आल्या मिठाची टेस्ट करा. बाटलीच्या झाकणात मीठ, चिखल होईल इतकंच पाणी, झाकण आणि प्रोब हवाबंद पिशवीत रात्रभर. 75 टक्के यायला पाहिजे. माझा 79 दाखवतो, म्हणजे चार वजा करायचे, या किमतीत चालतंय.

आता खरी गंमत. झडीच्या पावसात हा मीटर बिनकामाचा आहे, माळावर 99, झाडीत 99, आणि एकदा प्रोबवर दव धरलं की तो तिथंच अडकून बसतो. पण तेव्हा गोगलगायीपण कुठंही फिरत असतात, त्यामुळं बघण्यासारखं तसं काही नसतंच. न्यायचा तो उघडिपीत. दोन दिवस पाऊस नाही, दुपारचं ऊन, तेव्हा गवतात साधारण 55 टक्के आणि 34 डिग्री, आणि तिथून चार पावलांवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यात 88 आणि 26! गोगलगायीचा चिकट स्राव म्हणजे जवळपास पाणीच, प्रत्येक वीतभर चालीला ते खर्च होतं, त्यामुळं कोण कुठं टिकणार हे पावसाच्या दिवसांपेक्षा या कोरड्या दुपारीच ठरत असावं, असं आता मला तरी वाटायला लागलंय. गिरिपुष्पाला आपण टेकडीवाले शिव्या घालतो, परकं झाड, खाली दुसरं काही धड उगवत नाही वगैरे, ते सगळं खरं पण गोगलगायींना त्याची सावली चालते. अर्थात उन्हाळ्याकडं त्याचीही पानं झडतात, मग सगळी मदार दगडाखालच्या नाहीतर खाणीच्या कपारीतल्या गारव्यावर, तिथं शंखाच्या तोंडाला वाळलेल्या स्रावाचा पडदा लावून झोपायचं ते थेट पावसाळ्यापर्यंत.

उताराची दिशा बघताना परदेशी पुस्तकातलं ‘दक्षिण उतार कोरडा’ डोळे झाकून लावू नका. तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो. पुण्यात शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटी, मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे भर पावसाळ्यात उत्तर उतारच जास्त ऊन खातो. ऑक्टोबरात मात्र दक्षिण बाजू आधी वाळते, मीटरवर ते व्यवस्थित दिसतं.

एक गोष्ट हा मीटर सांगू शकत नाही, ती म्हणजे चुना. शंख बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट त्या बाबतीत बरा, कोकणातल्या जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणजे चुना कमी, तिथं नुसत्या ओलाव्याच्या आकड्यावरून गोगलगायींचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल.

शेतकऱ्यांनीही घ्यावा का? 2022 ला लातूर-बीडकडं गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाल्ली होती, तेव्हापासून हा प्रश्न येतो. मला वाटतं गरज नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाला टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोळा करायच्या, हा उपाय ओल्या आडोशाच्या याच तत्त्वावर चालतो आणि त्याला सेल लागत नाही. फक्त उघड्या हातानं उचलू नका, मोठ्या आफ्रिकन शंखींमधून जंतांचा संसर्ग होऊ शकतो.

तक्रारी: सेलचं झाकण सैल आहे, मी टेप लावलीये. डिस्प्लेला लाईट नाही, आणि गोगलगायी बघायच्या रात्री, त्यामुळं टॉर्च तोंडात धरून आकडे लिहावे लागतात. पाचपैकी साडेतीन. टेकडीवर न्यायचा असेल तर घ्या, घरातल्या भिंतीला लावायला वायरवाला कशाला.