‘पाच गिगाहर्ट्‌झची हमी’ असलेला प्रोसेसर आणि माझे १६,८५० रुपये

जानेवारी २०२५ मध्ये इंटेलचा कोअर आय-सेव्हन ८७००के म्हणून मी संगणकाचा जो जुना प्रोसेसर विकत घेतला, तो प्रत्यक्षात साधा ८७०० निघाला. शेवटचा ‘के’ खोटा होता. प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपुढे नेणाऱ्यांना, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांना, या एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको: ‘के’ असेल तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला असतो, नसेल तर तो कंपनीनेच बंद केलेला असतो आणि कितीही महागडा मदरबोर्ड आणला तरी उघडत नाही. प्रोसेसरचे १४,५०० रुपये, ‘तपासणी आणि निवड’ या नावाखाली २,००० रुपये आणि कुरिअरचे ३५० रुपये, असे एकूण १६,८५० रुपये मी मोजले. साधा ८७०० मला त्याच दिवसांत नऊ-साडेनऊ हजारांत मिळत होता.

मी अडाणीपणाने फसलो असे कोणी समजू नये. माझ्याकडे झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर आय-फाइव्ह ८४०० होता. सहा कोअर, सहाच थ्रेड, म्हणजे एका वेळी सहाच कामे. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये धुराचे दोन-तीन गोळे एकदम फुटले की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जायचा आणि चित्र अडखळायचे. त्याच बोर्डावर बसणारा, बारा थ्रेडचा आणि वेग वाढवता येणारा ८७००के घ्यावा हा विचार चुकीचा नव्हता. दोन महिने मी वाचन केले. मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरीला सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी चालवायची, व्होल्टेज १.३५ च्या पुढे न्यायचे नाही, हे सगळे वहीत लिहून ठेवले होते. तरीही बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, व्होल्टेजचा आकडा स्वतःच्या हाताने टाकायच्या कल्पनेनेच हात थरथरायचा, कारण हे यंत्र मी तीन वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून उभे केले आहे. म्हणूनच ‘५.० गिगाहर्ट्‌झ, १.२९ व्होल्ट, २४ तास तपासलेला’ ही जाहिरात पाहून मला हायसे वाटले. धोक्याचे काम कोणीतरी आधीच पार पाडले आहे, असे मी धरून चाललो.

आणि ही भीती मी जाहिरात देणाऱ्या माणसाला फोनवर बोलून दाखवली. “पहिलीच वेळ आहे, भीती वाटते,” असे मी म्हणालो. तो म्हणाला, “सर, तुम्ही फक्त पन्नास आकडा टाका, बाकी सगळं मी केलेलं आहे.” पन्नास हा मल्टिप्लायरचा आकडा. तपासणीचे २,००० रुपये त्यानंतर वाढले; जाहिरातीत ते नव्हते. विकणाऱ्यापुढे आपली भीती कधीही उघड करू नका.

आता जे आठवले की आजही झोप लागत नाही, ते सांगतो. व्यवहार ठरल्यावर तो म्हणाला, “सर, बॉक्समधला कंपनीचा कूलरपण देतो, फुकट.” ८७००के च्या खोक्यात कूलर येतच नाही. सहाव्या पिढीपासून इंटेलने ‘के’ प्रोसेसरबरोबर कूलर देणे बंद केले. कूलर येतो तो साध्या ८७०० बरोबर. हे मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच मी ६,२०० रुपयांचा २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आठवडाभर आधीच आणून ठेवला होता, आणि तो माझ्यासमोर टेबलावर पडलेला असताना मी फोनवर त्या माणसाचे आभार मानले. त्या एका वाक्यात त्याच्याकडे कोणता प्रोसेसर आहे हे त्याने मला स्वतः सांगितले होते.

प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामचा जो स्क्रीनशॉट त्याने पाठवला, त्यात ‘स्पेसिफिकेशन’ची ओळ कापलेली होती. चिपमध्ये साठवलेले नाव तिथेच दिसते. ती माहिती ऑनलाइन पडताळण्यासाठी व्हॅलिडेशनची लिंक मागितली तेव्हा तपासणीच्या मशीनवर इंटरनेट नाही असे उत्तर आले. यूपीआयवर दिसणारे नाव जाहिरातीतल्या नावाहून वेगळे होते, तर “भावाचे खाते आहे” म्हणाला. मी ५,००० आगाऊ आणि कुरिअरची पावती आल्यावर ११,८५० असे पाठवून दिले. व्हिडिओ कॉलवर बायोसचा पडदा दाखवायला जो तयार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

पाकीट उघडले तेव्हा प्रोसेसरच्या झाकणावर ८७००के अशी स्वच्छ अक्षरे होती. मात्र उजेडात तिरके धरले असता अक्षरांच्या खाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसत होते. जुनी थर्मल पेस्ट खरवडल्याच्या खुणा असतील, अशी मी मनाची समजूत घातली. धातूचे झाकण घासून त्यावर लेझरने हवे ते कोरता येते, तेव्हा झाकणावरच्या अक्षरांना पुरावा मानू नका. बायोसमध्ये पहिल्याच ओळीत ८७०० आले. पन्नास टाकून पाहिले, तरी सर्व कोअरवर ४.३ गिगाहर्ट्‌झच्या वर काटा हलला नाही.

“बायोस अपडेट करा, सर,” हे ऐकण्यात माझे सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी त्याने मला ब्लॉक केले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तो पहिल्या काही तासांत, पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत. मी सातव्या दिवशी केला. तोवर खाते रिकामे झाले होते.

पुढचा अनुभव फसवणुकीइतकाच जिव्हारी लागणारा आहे. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी विचारले, “कॉम्प्युटर चालू होतो का?” होतो, म्हणालो. “मग फसवणूक कसली?” एक वस्तू दाखवून दुसरी विकणे ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात ती येते, हे मी कागदासह सांगितले. तेव्हा विकणारा मुंबईचा आहे, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम सांगते, आणि तरीही मला तीन वेळा परत पाठवण्यात आले. तिसऱ्या वेळी, “गेम खेळायलाच घेतला होता ना?” असे सगळ्यांसमोर विचारले गेले. मी कशासाठी घेतला याचा चोरीशी काय संबंध? बँकेने, पिन तुम्हीच टाकलात, म्हणून हात वर केले. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांनी ती काढून टाकली, म्हणजे माझ्याकडचा उरलासुरला पुरावाही गेला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. जमले तर एस.टी.चे तिकीट काढून मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जा आणि दुकानदारासमोर चालवून घ्या. मला ते भाडे जास्त वाटले होते.

२४ फेब्रुवारीला मी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने लेखी तक्रार पाठवली. पोचपावती आली आहे, उत्तर आलेले नाही. गेल्या रविवारी दुसऱ्याच नावाने तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, किंमत १५,००० रुपये, आणि शेवटच्या ओळीत लिहिले आहे: कंपनीचा कूलर फुकट.